अधोमुख श्वान: कुत्र्यासोबतचा योग आणि त्यातून आलेली चित्रं

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक ऐकून सभागृहात थोडं हसू पसरलं, ते मी पाहिलं. हसायला हरकत नाही. ‘कुत्र्यासोबत योग’ असं म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. वडीलधारे म्हणतात, “काय ही अमेरिकन थेरं!” आणि तरुण मंडळी म्हणतात, “किती गोड!” तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं या दोन्ही ठिकाणी जरा थांबावं. कारण ‘थेरं’ म्हटलं की विचार बंद होतो आणि ‘गोड’ म्हटलं तरीही तो बंदच होतो. आज आपण तो थोडा उघडून बघू.

आधी ही गोष्ट काय आहे ते सांगतो. इंग्रजीत तिला ‘डोगा’ म्हणतात. ‘डॉग’ आणि ‘योगा’ यांची ती जोड आहे. या शतकाच्या अगदी सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये सुझी टायटेलमन नावाच्या योगशिक्षिकेनं हे वर्ग सुरू केले. त्या घरी आसनं करायला लागल्या की त्यांचा कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा मॅटवर येऊन बसायचा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही. तुम्ही जमिनीवर बसलात की कुत्र्याच्या दृष्टीनं तुम्ही अखेर शहाण्यासारखं वागायला लागलेले असता! लोक आपापले कुत्रे घेऊन या वर्गांना यायला लागले. 2003 साली या विषयावर छायाचित्रांचं पुस्तक आलं, मग दिनदर्शिका आल्या, आणि नंतर ‘पपी योगा’ नावाचा वेगळाच धंदा सुरू झाला. त्यात कुत्रा तुमचा नसतो. कुणाची तरी लहान लहान पिल्लं आणून वर्गात सोडलेली असतात. असे वर्ग आता मुंबई-बंगळुरूतही भरतात. या दोन प्रकारांत मोठा फरक आहे, त्याकडे मी नंतर येतो.

माझा आजचा प्रश्न एवढाच आहे. मॅटवर माणूस आहे, शेजारी कुत्रा आहे. यांत कोण कोणाकडून शिकतंय?

आता तुम्ही म्हणाल, सर, योगात कुत्रा आधीपासूनच आहे की! अधोमुख श्वानासन. हात जमिनीवर, पाय जमिनीवर, कंबर वर. जगभरच्या योगवर्गांत बहुधा सगळ्यात जास्त वेळा होणारं हे आसन असावं. पण त्याच्या नावाचा इतिहास गमतीचा आहे. ‘हठयोगप्रदीपिके’त हे नाव नाही. ‘घेरंडसंहिते’त बत्तीस आसनं सांगितली आहेत. त्यांत मोर आहे, कोंबडा आहे, कासव आहे, बेडूक आहे, उंट, मगर, साप, सिंह, गरुड, बैल, मासा, अगदी टोळसुद्धा आहे. कुत्रा नाही. अठराव्या शतकातला ‘हठाभ्यासपद्धती’ नावाचा ग्रंथ आहे. त्याचं हस्तलिखित आपल्या पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात साधारण अशाच आकाराचं एक आसन आहे आणि ते पुन्हा पुन्हा करायला सांगितलंय. पण त्याचं नाव आहे गजासन. म्हणजे हत्ती! आणि तालमीत गेलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, हे तर आमचे जोर. जोर मारताना कंबर वर उचलून छाती खाली घासून पुढे नेतात, तेव्हा शरीर याच आकारातून जातं. सूर्यनमस्कारात हीच स्थिती येते, तिला काही परंपरांत पर्वतासन म्हणतात. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, म्हैसूरचे कृष्णम्माचार्य आणि त्यांचे शिष्य, पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार, यांच्या काळात म्हणजे विसाव्या शतकात हा आकार आजच्या योगात पक्का झाला, आणि अय्यंगारांच्या 1966 सालच्या ग्रंथानं ‘अधोमुख श्वानासन’ हे नाव जगभर गेलं.

बघा, आकार एकच. कुणाला त्यात हत्ती दिसला, कुणाला डोंगर, कुणाला कुत्रा. म्हणजे नाव हे वर्णन नसतं, नाव ही एक नजर असते. आणि कुत्रा ज्याला दिसला त्यानं कुत्र्याकडे नीट पाहिलेलं होतं, हे मान्य करावं लागेल. झोपेतून उठल्यावर कुत्रा पुढचे पाय लांब करून, पाठ ताणून, बूड वर करून आळस देतो. कुणी शिकवलेलं नसतं.

या ‘पाहण्या’लाच योगाच्या परंपरेत जुना आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली 46 ते 48. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. आसन स्थिर असावं, सुखाचं असावं. प्रयत्न सैल झाला आणि मन अनंताशी एकरूप झालं म्हणजे ते साधतं. आणि मग थंडी-ऊन यांसारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत. एवढंच सांगितलंय. नावं येतात ती व्यासभाष्यात. तिथं पद्मासन, वीरासन यांच्याबरोबर तीन बैठकी आहेत: क्रौंच पक्ष्याची, हत्तीची आणि उंटाची. आता हत्तीसारखं बसायचं म्हणजे कसं? वाचस्पती मिश्र त्यावर टीका लिहिताना काय सांगतात? ते पाय कुठे, हात कुठे असं वर्णन देत बसत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ते ते प्राणी बसलेले असताना त्यांची ठेवण पाहावी आणि त्यावरून समजून घ्यावं.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा प्रकांड पंडित. न्याय, वेदांत, सांख्य, सगळीकडे त्याचा संचार. आणि तो सांगतो, पोथी बाजूला ठेवा, बाहेर जा, उंट बसलाय तो बघा. म्हणजे गुरू कोण? उंट. शिष्याचं काम काय? पाहणं. उंटाला पद्मासन घालायला लावा असं वाचस्पतींनी कुठंही म्हटलेलं नाही!

पण पाहून अनुकरण करणं, यालाही एक मर्यादा आहे. ती बौद्ध वाङ्मयात फार तीव्रपणे आली आहे. मज्झिमनिकायात सत्तावन्नावं सुत्त आहे, कुक्कुरवतिक सुत्त. दोन तपस्वी बुद्धांकडे येतात. पुण्ण हा गोव्रत करणारा, म्हणजे बैलासारखा राहणारा. दुसरा सेनिय, तो कुक्कुरव्रत करणारा, कुत्र्यासारखा राहणारा. जमिनीवर टाकलेलं खातो, आणि बुद्धांसमोरसुद्धा कुत्र्यासारखं अंग आक्रसून बसतो. पुण्ण विचारतो, भंते, एवढी कठीण तपश्चर्या यानं केली, याला काय गती मिळेल? बुद्ध म्हणतात, हे विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा विचारल्यावर बुद्ध सांगतात: हे व्रत पूर्णपणे साधलं तर तो कुत्र्यांमध्ये जन्म घेईल. आणि यानं मी देव होईन अशी त्याची समजूत असेल तर ती चुकीची समजूत आहे, तिचं फळ याहून वाईट. सेनिय रडायला लागतो. पुढं तो संघात येतो आणि अर्हत होतो, ही त्या सुत्ताची अखेर.

इथं बुद्ध कुत्र्याला हीन लेखतात का? मला तसं वाटत नाही. कुत्र्यानं कुत्र्यासारखं असणं यात दोष काहीच नाही. दोष आहे तो आकाराची नक्कल केली की आतला बदल आपोआप होईल या समजुतीत. आपल्या आजच्या योगवर्गांनाही हा प्रश्न विचारावा लागेल. मी पंच्याहत्तरीचा माणूस, अधोमुख श्वानासनात गेलो की परत वर येताना कुत्रा व्हायचं तर दूरच, माणूस म्हणून उभं राहता आलं तरी पुष्कळ! पण पंचविशीतला लवचीक मुलगा ते उत्तम करत असेल, तरी तेवढ्यानं त्याचं मन शांत झालं असं होत नाही.

आता चित्रांकडे येऊ. कारण प्राणी आणि साधना यांची जोडी दिसली की कलावंताला राहवत नाही. आणि तो प्राण्याकडे पाहतोय की प्राण्याला वाकवतोय, हे चित्रात लगेच कळतं.

पहिलं उदाहरण आपल्याच देशातलं. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं पल्लवांच्या काळचं प्रचंड शिल्प आहे. कुणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात, कुणी गंगावतरण. त्यात एक तपस्वी एका पायावर उभा आहे, हात वर करून. आणि खाली, हत्तींच्या जवळ, एक मांजर तसंच मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पंजे वर करून तप करतंय. आजूबाजूला उंदीर जमलेत. महाभारताच्या उद्योगपर्वात ढोंगी मांजराची कथा आहे, ती आठवते. आता सांगा, हसू कुणावर आहे? मांजरावर नाही. मांजर उंदीर खातं, त्यात लबाडी कसली? हसू आहे ते तपाचा आकार घेऊन पोट भरणाऱ्या माणसावर. शिल्पकारानं खऱ्या तपस्व्याच्या जवळच हे मांजर कोरलं, हे धैर्य बघा.

छांदोग्य उपनिषदात तर कुत्रेच उद्गीथ गातात. पहिल्या अध्यायाचा बारावा खंड. एका ऋषीसमोर पांढरा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे त्याला म्हणतात, आम्हाला भूक लागली आहे, अन्नासाठी गायन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे, यज्ञातले ऋत्विज एकमेकांना धरून चालतात तसे ओळीनं येतात, बसतात आणि गातात. शंकराचार्यांच्या भाष्यात हे कुत्रे म्हणजे ऋषीवर प्रसन्न होऊन त्या रूपात आलेलं दैवत किंवा ऋषी आहेत. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना यात यज्ञकर्मावरचा उपहास दिसतो. दोन्ही वाचनं शेजारी ठेवा. कुत्र्याला मंत्र म्हणताना पाहिलं की आपण स्वतः मंत्र कशासाठी म्हणतो, हे विचारावंच लागतं.

तिसरं उदाहरण जपानचं. सेंगाई नावाचा झेन भिक्षू होऊन गेला, 1750 ते 1837 हा त्याचा काळ. त्यानं एक बेडूक काढलाय. चार-दोन फटकाऱ्यांत. बेडूक ऐसपैस बसलाय आणि चेहऱ्यावर किंचित हसू आहे. शेजारी लिहिलेल्या ओळीचा आशय असा की नुसतं बसून जर बुद्ध होता येत असतं, तर… पुढचं तो आपल्यावर सोडतो. बेडूक तर जन्मभर बसलेलाच आहे! ध्यान शिकवणारा माणूस ध्यानाच्या बैठकीची अशी थट्टा करतो. याच सेंगाईनं दोरीनं खुंटाला बांधलेलं कुत्र्याचं पिल्लूही काढलंय. ते केकाटतंय. त्यात कसलीच शिकवण लिहिलेली नाही, फक्त त्या पिल्लाचा आवाज लिहिलाय. मला त्या दोन चित्रांत सेंगाईचं सगळं तत्त्वज्ञान दिसतं. बेडकाला पाहून आपला अहंकार सैल होतो, आणि पिल्लाला पाहून त्याची दोरी दिसते.

या पार्श्वभूमीवर आजची ‘डोगा’ची चित्रं बघा. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डॅन बॉरिस यांची ‘योगा डॉग्ज’ ही दिनदर्शिका. त्यात बुलडॉग एका पायावर उभा आहे, कुणी डोळे मिटून मांडी घालून बसलाय. ही छायाचित्रं संगणकावर जुळवलेली आहेत. कुत्र्यांना कुणी पिळलेलं नाही, हे चांगलंच आहे. चित्रं मजेशीर आहेत, नातवंडांना दाखवा, हसतील. पण त्यांची जात ओळखा. अमेरिकेत 1903 पासून सी. एम. कूलिज या चित्रकारानं सिगारच्या जाहिरातीसाठी टेबलाभोवती बसून पत्ते खेळणारे कुत्रे रंगवले. ही चित्रं त्याच घराण्यातली. कुत्र्याला माणसाचा आकार द्यायचा आणि हसायचं. आपल्याकडे म्हणतात ना, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. ही चित्रं म्हणजे ती नळी. संगणकाच्या नळीत शेपूट सरळ दिसतं, एवढंच.

याउलट विल्यम वेगमन हा अमेरिकन छायाचित्रकार घ्या. 1970 पासून तो आपल्या वाइमारानर जातीच्या कुत्र्यांची छायाचित्रं काढतोय. पहिल्या कुत्र्याचं नाव त्यानं मॅन रे या कलावंतावरून ठेवलं. वेगमनही कुत्र्यांना कपडे घालतो, टोप्या घालतो, स्टुलावर बसवतो. तेव्हा तो वाकवत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या छायाचित्रांत एक गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे कुत्र्याची नजर. कपड्याच्या आतून ती तुमच्याकडे थेट बघते आणि विचारते, झालं का तुमचं? तिथं कुत्रा कुत्राच राहतो, आणि म्हणून ते चित्र आपल्याविषयी काही बोलतं.

आणि दूर कशाला जायचं? रवि वर्मांच्या छापखान्यानं घराघरांत पोचवलेलं दत्ताचं चित्र आठवा. दत्त हा योग्यांचा गुरू. पायाशी कुत्रे, मागे गाय. कुत्र्यांना वेद मानणारी परंपरा आहे, ती असो. मी फक्त चित्र बघायला सांगतोय. योगी उभा आहे आणि कुत्रे कुत्र्यांसारखे वावरतायत. त्यांना कुणी पद्मासनात बसवलेलं नाही. आपल्या आजीच्या देवघरात कुत्र्यासोबतचा योग होता, तो असा होता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं बोललो त्या मुद्द्याकडे येतो. अष्टांगयोगात आसन तिसरं आहे. त्याच्या आधी यम आणि नियम. आणि यमांत पहिली अहिंसा. म्हणजे कुत्र्याचे पाय धरून त्याला एखाद्या आसनात ओढायचं, तर तिसऱ्या पायरीवर जाण्यासाठी आपण पहिली पायरी मोडली. ‘पपी योगा’चा प्रश्न याहून गंभीर आहे. पिल्लांना दिवसाचे कितीतरी तास झोप लागते, साधारण अठरा तास. त्यांना अनोळखी माणसांच्या घोळक्यात एकामागून एक वर्गांत फिरवायचं, झोपू द्यायचं नाही, कारण झोपलेल्या पिल्लाचा फोटो कुणाला हवाय? ब्रिटनमध्ये अशा वर्गांतल्या पिल्लांच्या हालांबद्दल प्राणिकल्याण संस्थांनी आवाज उठवला. इटलीच्या आरोग्य मंत्रालयानं 2024 साली अशा वर्गांत पिल्लं वापरायला मनाई केली आणि प्रौढ कुत्रेच चालतील असं सांगितलं. माणसाच्या मनःशांतीसाठी दुसऱ्या जिवाची झोप मोडायची, तर त्या शांतीला काय म्हणायचं? सेंगाईच्या पिल्लाची दोरी इथं आहे. फक्त ती रंगीत आहे, म्हणून दिसत नाही.

कुत्रा ‘नको’ म्हणत नाही असं नाही. तो आपल्या भाषेत म्हणतो. झोप आलेली नसताना जांभई देतो, सारखे ओठ चाटतो, मान फिरवतो, शेपूट पायांत घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. आणि ‘चल’ असंही तो स्पष्ट म्हणतो. पुढचे पाय कोपरापर्यंत टेकवून बूड वर करतो, शेपूट हलवतो. हेच ते अधोमुख श्वानासन! मार्क बेकॉफ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकानं दाखवलंय की खेळताना कुत्रे ही खूण विरामचिन्हासारखी वापरतात. चावल्यासारखं काही करण्याच्या आधी किंवा नंतर ती करतात. अर्थ असा की हा हल्ला नाही, खेळ आहे. म्हणजे जे आपल्यासाठी आसन, ते त्याच्यासाठी दुसऱ्याशी केलेला करार आहे. समोरच्यानं तो मान्य केला तरच पुढे खेळ.

म्हणून घरी करायचं असेल तर मी इतकंच सुचवीन. मॅट घाला. कुत्र्याला बोलवू नका. खोलीचं दार उघडं ठेवा. तो आला तर येऊ द्या, शेजारी पडला तर त्याच्या बरगड्या वर-खाली होतात ते बघा, आपला श्वास त्याच्याबरोबर संथ होतो का ते बघा. त्याला उचलू नका, वळवू नका. तो मधेच उठून गेला तर जाऊ द्या. वैराग्याचा तेवढा धडा त्या दिवशीपुरता पुरे.

नामदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपण ती भूतदयेची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांनी कुत्र्याला पंगतीत बसवलं नाही, मांडी घालायला लावली नाही. तो जिकडे धावला, तिकडे हे धावले.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, पण मग यातून कुत्र्याला काय मिळतं?)

चांगला प्रश्न आहे, ताई. आसनातून काही नाही. त्याला सोबत मिळते. दिवसभर उंचावरून बोलणारा माणूस तासभर त्याच्या उंचीवर आला, हातात फोन नाही, आवाज हळू, हालचाल संथ. 2015 साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्या जवळिकीत हेच द्रव्य काम करतं. पण तो माणूस त्याचा असायला हवा. अनोळखी माणसानं टक लावून पाहिलं तर कुत्र्याला ती धमकी वाटते. म्हणून म्हणतो, भाड्याची पिल्लं नकोत. आपल्या कुत्र्याशेजारी बसा. कुत्रा पाळलेला नसेल तर गल्लीतला ओळखीचा असेल, त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून बसा आणि त्याला ठरवू द्या.

वेळ झाली आहे. पुढचं व्याख्यान याच विषयाला धरून ‘अनुकरण’ या कल्पनेवर घेऊ.